किलोभराच्या आतला लॅपटॉप

आमच्या धंद्यात वजनाला मान होता. पिंपरीजवळ चिखलीत एका पत्र्याच्या गाळ्यात आम्ही दोघं फिक्स्चर बनवायचो. फिक्स्चर म्हणजे गाडीचा एखादा भाग वेल्डिंग करताना किंवा मापात आहे का ते तपासताना जागचा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. चाकणच्या कंपनीत माल पोचवला की तिथला माणूस आधी तो एका बाजूनं उचलून बघायचा. जड लागला की त्याचा चेहरा खुलायचा. पातळ पट्ट्या वापरून लोखंड वाचवणाऱ्यांना तिथं दुसऱ्यांदा काम मिळत नसे.

मी मशीनवर, माझा भागीदार ड्रॉइंगवर. तो परभणीकडचा, मी सोलापूर जिल्ह्यातला. दोघंही आयटीआय करून भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कंपन्यांना साचे-हत्यारं करून देणाऱ्या कारखान्यात लागलो, तिथं एकत्र डबा खायला लागलो आणि पुढं नोकरी सोडून हा गाळा भाड्यानं घेतला. खाली एक मिलिंग, एक ग्राइंडर, एक ड्रिल. वर फळ्यांचा माळा आणि त्याला लोखंडी शिडी. माळ्यावर त्याचं टेबल आणि मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर. दिवसभर तो तिथं बसून रेघा ओढायचा आणि संध्याकाळी कागद घेऊन खाली यायचा. त्याच्या कागदावर कधी शंका विचारावी लागली नाही. जे माप हवं ते जिथं शोधावं तिथंच असायचं. ड्रॉइंग करणारे पुष्कळ असतात, पण खाली उभ्या असलेल्या मशीनवाल्याच्या नजरेनं ड्रॉइंग करणारा मी तरी दुसरा बघितला नाही.

कंपनीत दाखवायला न्यायला त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. काळा, जाडजूड, आणि त्याचा चार्जर वेगळाच विटेएवढा. तो सॅकमध्ये घालून, सॅक पाठीवर अडकवून तो माझ्या मोटरसायकलवर मागं बसायचा आणि आम्ही मोशीवरून चाकणला जायचो. एका कंपनीतल्या तरुण इंजिनिअरकडे अगदी पातळ लॅपटॉप होता. तो दोन बोटांत धरून एखादी फाइल न्यावी तसा मीटिंगच्या खोलीत यायचा. भागीदार परत येताना म्हणायचा, "पाटी आहे ती राव. त्याच्यावर मेल वाचावा, पिक्चर बघावा. काम कशाचं होतंय."

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाले लॅपटॉप बाहेर काढायला लावतात, नंबर लिहून घेतात, कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. एका दुपारी तिथं त्यानं सॅक टेबलावर ठेवली आणि त्याला चेन उघडेना. डाव्या हाताच्या चिमटीत चेनचं टोक धरायचा आणि ते सुटायचं. मागं रांग होती. मी पुढं होऊन चेन ओढली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय की. बोटं ऐकंना झालीत. दुखत नाही काही."

आत गेल्यावर ड्रॉइंग दाखवायला त्यानं लॅपटॉप उचलून समोरच्याकडे फिरवला तेव्हा डावी बाजू खाली झुकली. मी खालून हात लावला. समोरच्या इंजिनिअरला ते कळलंही नसेल. भागीदारानं मात्र माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढं तासभर बोलताना डावा हात मांडीवरच ठेवला.

चिखलीतल्या डॉक्टरांनी मान तपासली. मोटरसायकलवरून पाठीवर ओझं घेऊन फिरता, मानेचे मणके झिजले असतील म्हणाले. गळ्याला पट्टा दिला, गोळ्या दिल्या, शेक द्यायला सांगितला आणि ओझं बंद करा म्हणाले. आम्हाला बरं वाटलं. मणक्याचं दुखणं आमच्या ओळखीत सगळ्यांनाच होतं. मशीनवर उभं राहणाऱ्यांना असतं, कंपनीच्या बसमध्ये धक्के खाणाऱ्यांना असतं. ते घेऊन माणसं रिटायर होईपर्यंत ड्युटी करतात.

"ओझं बंद करायचं म्हणजे ड्रॉइंग डोक्यात घेऊन जाऊ का," तो म्हणाला. मग दोन दिवसांनी आपणच म्हणाला, "चल, ती पाटी बघून येऊ."

पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार बोलायला सरळ माणूस होता. आमचं काम काय ते त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, मला विकायचाच आहे, पण सांगतो. हा एक किलोच्या आतला माल फिरतीवर असणाऱ्यांसाठी आहे. मेल, एक्सेल, थोडंफार लिहिणं. तुमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर यावर चालेल, पण दमेल. याहून कमी पैशात हा जाड घ्या, दुप्पट काम करेल." आणि त्यानं जाड लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

मला त्याचं पटलं होतं. मी रॅम किती, वॉरंटी किती असलं विचारत होतो. भागीदारानं काहीच विचारलं नाही. त्यानं डावा हात पुढं केला, तळव्यावर तो जाड लॅपटॉप घेतला आणि काउंटरपासून थोडा वर उचलला. मनगट वाकलं. दुकानदारानं पटकन खालून धरला. मग भागीदारानं त्याच हातानं तो पातळ उचलला. हात थरथरला, पण टिकला. तो तसाच धरून उभा राहिला. दुकानदारानं पुन्हा काही समजावलं नाही. खोकं काढून पॅक करायला लागला.

हलक्याला जास्त पैसे मोजावे लागतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लोखंडात उलटं असतं.

तो लॅपटॉप आमच्या कामाचा नव्हता, हे आठवड्याभरात दिसलं. त्याच्या कीबोर्डला आकड्यांची वेगळी पट्टी नव्हती, आणि ड्राफ्ट्समनचा उजवा हात तर दिवसभर आकड्यांवरच फिरतो. तारा जोडायला एकच भोक. माउस लावला तर पेन ड्राइव्हला जागा नाही, म्हणून एक जोडणी घेतली, प्रोजेक्टरसाठी दुसरी घेतली. ही सगळी शेपटं एका पिशवीत घालून ती पिशवी मी न्यायला लागलो. स्क्रीन इतकी लहान की पूर्ण फिक्स्चर दिसायचं तेव्हा मापं मुंगीएवढी व्हायची आणि मापं वाचता यायची तेव्हा फिक्स्चरचा कोपराच दिसायचा. सगळे भाग जुळवलेलं मोठं ड्रॉइंग उघडलं की तो तापायचा आणि जागच्या जागी थिजायचा. भागीदार त्याच्याकडे बघत बसायचा. शिव्या दिल्या नाहीत त्यानं, एरवी दिल्या असत्या.

हळूहळू त्यानं त्या लॅपटॉपला झेपेल असं काम करायची पद्धत बसवली. पूर्ण फिक्स्चर कधी उघडायचंच नाही. एक एक पट्टी, एक एक खुंटी वेगळी काढायची, आणि सगळं मिळून कसं बसणार ते डोक्यात धरायचं. माळ्यावरचा मोठा कॉम्प्युटर होता की, मी म्हणायचो, वर बसून कर. तो काहीतरी कारण सांगायचा. मग एकदा मी त्याला शिडी उतरताना बघितलं. दोन्ही कोपरांनी शिडीला मिठी मारून तो पायरी पायरी घसरत होता. खाली आल्यावर हसला. "जिम सुरू केलीय," म्हणाला. त्यानंतर मी त्याचं टेबल खाली, ग्राइंडरपासून लांबच्या कोपऱ्यात मांडलं. मोठा कॉम्प्युटर उतरवू म्हटलं तर नको म्हणाला. खालच्या धुळीत तो टिकणार नाही, हे खरं होतं. पण खरं कारण हे की कुठंही घेऊन बसता येईल असं काहीतरी त्याला स्वतःजवळ हवं होतं, आणि तो पातळ लॅपटॉप तो अजून आपला आपण उचलू शकत होता.

मानेचा पट्टा लावून काही फरक पडला नाही. दंडाची त्वचा आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखी फडफडायची. जेवताना घास खाली पडायला लागले. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी हात-पाय बराच वेळ बघितले आणि पुण्याला नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं त्याच्या दंडात, मांडीत, जिभेखाली सुया घालून तपासणी केली. आम्ही दोघंच गेलो होतो. बायकोला त्यानं मणक्याचंच सांगितलं होतं.

डॉक्टर मराठीत बोलले आणि सावकाश बोलले. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा सुकत चालल्यात. थांबवायचा उपाय नाही. एक गोळी आहे, तिनं थोडा वेळ मिळतो.

भागीदारानं विचारलं, "हात जातील?"

"हात, मग पाय. मग बोलणं, गिळणं. शेवटी श्वास."

"आणि डोकं?"

"डोकं बहुतेक शेवटपर्यंत शाबूत राहतं."

परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून तो म्हणाला, "डोकं राहतंय म्हणाले ना?" मी हो म्हणालो. त्या वेळी आम्हा दोघांना ते चांगलं वाटलं होतं. डोकं राहिलं म्हणजे ड्रॉइंग राहिलं, असाच हिशेब दोघांच्या मनात असणार. दापोडी गेली, कासारवाडी गेली. ते शाबूत राहणं म्हणजे काय, हे मला पुढच्या वर्षात कळलं. त्याला बहुतेक त्याच बसमध्ये, पुढच्या नाशिक फाट्यालाच कळलं असावं.

बायकोला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. मी समोर होतो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली. रडली नाही. "मग आता करायचं काय?" एवढंच विचारलं.

पुढचे काही महिने लॅपटॉपनं आपली किंमत वसूल केली, असं म्हणायचं तर म्हणता येईल. मी त्याला घरून गाळ्यावर आणायचो, संध्याकाळी सोडायचो. चाकणला जाताना मोटरसायकल बंद करून रिक्षा सांगायला लागलो. मीटिंगच्या खोलीत तो लॅपटॉप स्वतः उघडायचा. उघडायला एक बोट पुरायचं, बिजागरी इतकी हलकी होती. त्याला ते फार महत्त्वाचं होतं. समोरच्या लोकांनी त्याला लंगडताना पाहिलं, पेला दोन्ही हातांनी धरताना पाहिलं, पण स्वतःचं ड्रॉइंग त्यानं स्वतः उघडून दाखवलं. मग एकदा कंपनीच्या जिन्यात तो पडला. लॅपटॉप त्याच्या छातीशी होता, त्याला साधा ओरखडासुद्धा आला नाही. ओठ फाटला, दात हलला. कंपनीच्या फर्स्ट एडवाल्यांनी पट्टी केली. तिथल्या इंजिनिअरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना आता आणू नका. सेफ्टीवाले मला विचारतात." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

त्यानंतर तो घरीच. चिखलीतल्या त्या दोन खोल्यांत पुढच्या खोलीत पलंग टाकला, पाठीला उशा लावल्या. पोटावर एक उशी आणि तिच्यावर लॅपटॉप. जुना काळा लॅपटॉप असता तर त्याला श्वास घेता आला नसता. तोवर त्याला पाठ टेकली की धाप लागायला लागली होती. उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं चालत होतं. त्या एका बोटानं तो रेघ ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. पूर्वी जे ड्रॉइंग दुपारपर्यंत व्हायचं त्याला आता आठवडा लागायचा. मी गिऱ्हाइकांना काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचो.

ते बोटही थांबलं तेव्हा वहिनी बसायला लागली. ती बारावी झालेली, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेली. तिनं स्टुलावर बसून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तो सांगेल तसं करायला लागली. आधी रेघ, मग गोल, मग रेघेला समांतर रेघ. जास्तीची रेघ काढून टाकायच्या आज्ञेला ती छाटणी म्हणायची. "छाटू का इथून?" ती विचारायची आणि तो "हां, छाट" म्हणायचा. संध्याकाळी मी गेलो की दोघं त्यात गढलेली असायची. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, तिला भान नसायचं. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, हे दिवसभर काय करतात ते मला आत्ता कळायलंय."

त्या दोघांनी मिळून एक पूर्ण फिक्स्चर काढलं. एका दाराच्या बिजागरीचं, फार मोठं नव्हतं. मी ते बनवलं, जुळवलं, कंपनीत नेलं. पहिल्या फटक्यात पास झालं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तो हसला. तोपर्यंत हसण्यावर त्याचा ताबा राहिला नव्हता, सुरू झालं की थांबत नसे. वहिनी त्याची छाती चोळत राहिली आणि तीही हसत होती. आमच्या त्या सगळ्या काळात मला चांगला आठवतो तो एवढाच एक प्रसंग.

मग बोलणं जड व्हायला लागलं. जीभ टाळ्याला लागेना. त्याचं बोलणं वहिनीला कळायचं, मला निम्मं कळायचं. अक्षरं एकमेकांत मिसळायची. पुढच्या फिक्स्चरच्या तळपट्टीवर एक भोक होतं, कडेपासून एकोणतीस मिलिमीटरवर. तो एकोणतीस म्हणाला, तिनं एकोणीस ऐकलं. ड्रॉइंगवर एकोणीस आलं, मी एकोणीसवर भोक पाडलं. जुळवणी करताना खुंटी बसेना तेव्हा कळलं. पट्टी वाया गेली.

मी ती चूक त्याच्यापासून लपवली नाही. धंद्यातली गोष्ट त्याला न सांगणं म्हणजे त्याला धंद्यातून काढल्यासारखं झालं असतं. त्यानं ड्रॉइंग दाखवायला सांगितलं. वहिनीनं लॅपटॉप त्याच्या तोंडासमोर धरला. तो बराच वेळ बघत राहिला.

"माझ्याच कानाची चूक," वहिनी म्हणाली.

त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला. मग एक एक अक्षर सोडवत म्हणाला, "कानाची नाही. तोंडाची."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन बसली तर तो डोळे मिटून पडून राहिला. दोन-तीन दिवस असंच गेलं. मी समजावलं, एक पट्टी गेली तर काय बिघडलं, मी प्रत्येक आकडा दोनदा विचारून घेईन. त्यानं "बंद कर" म्हटलं. ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. वहिनीनं लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला. कंपन्यांची कामं तोवर दुसरीकडे जायला लागलीच होती. उरलेली मी सोडून दिली आणि लोकांच्या ड्रॉइंगवर सुटे भाग करून द्यायला लागलो. ती ड्रॉइंगं वाचताना दर अर्ध्या तासाला कुणाला तरी फोन करावा लागायचा.

पुढं त्याचं बोलणं पूर्ण गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, परदेशात असं यंत्र असतं, माणूस नजरेनं अक्षरं निवडतो आणि कॉम्प्युटर लिहितो. साध्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालणारे काही प्रोग्राम फुकट मिळतात, करून बघा. मी कपाटावरून तो लॅपटॉप काढला. माझ्या ओळखीच्या एका आयटीवाल्यानं रावेतहून येऊन तो प्रोग्राम टाकून दिला. पण त्या एवढ्याशा स्क्रीनवर अक्षरांचे चौकोन बारीक पडायचे. तो क कडे बघायचा आणि खुणेचा ठिपका ख वर, ग वर थरथरत राहायचा. खोलीत उजेड कमी, म्हणून ट्यूबलाइट वाढवली, तर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जो लॅपटॉप लहान म्हणून घेतला होता तो लहान आहे म्हणूनच आता उपयोगाचा नव्हता. मग मी माळ्यावरची मोठी स्क्रीन खाली काढली, धूळ पुसली, घरी नेऊन त्याच्या समोर टेबलावर उभी केली आणि तारेनं त्या लॅपटॉपला जोडली. चौकोन मोठे झाले. एका दुपारी त्यानं 'मान' असं लिहिलं. दोन अक्षरांना इतका वेळ लागला की मध्ये त्याचा डोळा लागून गेला. आम्ही उशी सरकवली. त्याला उशीच सरकवायची होती.

त्यापुढं तो फारसं काही लिहायला तयार नसायचा. डोळे दमायचे. वहिनी त्याच्याकडे बघून काय हवं ते ओळखायची, ते यंत्रापेक्षा लवकर व्हायचं. मी जाऊन शेजारी बसायचो आणि गाळ्यातलं सांगत राहायचो. ग्राइंडरचा पट्टा तुटला, शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंगवाला आला, मालक भाडं वाढवतोय. तो ऐकत असायचा. डोकं शाबूत होतं. त्या खोलीत एकटं शाबूत डोकं घेऊन पडून राहणं कसं असेल, याचा विचार मी घरी जाताना करायचो आणि पूर्ण करायचो नाही.

थंडीत त्याला कफ झाला. पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. तिथं श्वासासाठी घशात नळी घालायची का विचारलं. त्यानं हे आधीच, बोलता येत होतं तेव्हा, बायकोला सांगून ठेवलं होतं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला तो गेला. मी खाली टपरीवर होतो.

आता मी चिखलीतच दुसऱ्याच्या टूलरूममध्ये पगारावर आहे. गाळा सोडला, मशीन विकली. आम्ही बनवलेली फिक्स्चर ज्या गाड्यांसाठी होती त्यातल्या बऱ्याच गाड्या बंद झाल्या. मॉडेल बंद झालं की फिक्स्चर भंगारात जातं, किलोवर. लॅपटॉप वहिनीनं मला दिला. त्याची बॅटरी फुगली आणि खालचा पत्रा उचलला गेला. कॅम्पातल्या त्याच दुकानात नेला. दुकानदारानं भागीदाराची चौकशी केली, मी सांगितलं. त्यानं लॅपटॉप उलटा करून पत्रा चाचपला. मग म्हणाला, या पातळ मालात सगळं एकत्र चिकटवलेलं असतं, खोलायला गेलं तर स्क्रीन जाते. घरात ठेवू नका, पेट घेईल. मी तो तिथंच सोडून आलो.

आमच्या टूलरूममधली पोरं मला अधूनमधून विचारतात. कुणाला पाठ दुखते, कुणाला चाकणच्या बसमध्ये मांडीवर ठेवून काम करायचं असतं. तुम्ही वापरलाय ना हलका, घ्यावा का, म्हणतात. मी सांगतो, ड्रॉइंगला घेऊ नका. स्क्रीन पुरत नाही, तापतो, बिघडला तर दुरुस्त होत नाही, आणि सगळी जोडणी घेतली की पिशवी तेवढीच जड होते. हे सगळं खरं आहे आणि मी ते मनापासून सांगतो. पुढचं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी त्यांच्या कामाचं नाही. नुसत्या वजनाचं म्हणाल तर त्यानं आम्हाला थोडे महिने दिले. त्या महिन्यांचं आम्ही काय केलं, तर एक दाराची बिजागरी धरणारा सांगाडा केला.

वहिनी चाकणला वायरिंगच्या कंपनीत लागली आहे. गाड्यांतल्या तारांचे जुडगे बांधायचं काम, उभ्यानं. पहिल्या शिफ्टला कंपनीची बस आमच्या चौकातून जाते आणि माझीही तीच वेळ असते, त्यामुळं कधी कधी थांब्यावर भेट होते. परवा भेटली तेव्हा मी सहज विचारलं, काम कसं चाललंय.

"चाललंय," ती म्हणाली. "पाय सुजतात. परवा साहेबांनी विचारलं, ऑफिसात बाई पाहिजे, कुणाला कॉम्प्युटर येतो का."

"मग?"

"मी म्हणाले, मला नाही येत."

"अहो, बसून काम मिळालं असतं. तुम्हाला तर ड्रॉइंगसुद्धा येतं."

तिनं रस्त्याकडे बघितलं. "मला ते पडद्यावरचं काही बघवत नाही, भाऊजी. कुणीतरी शेजारून आकडे सांगेल असं वाटत राहतं."

बस आली, ती बायकांच्या मागून चढली, आणि मी टूलरूमकडे चालायला लागलो.